सकाळ मात्र संक्रांतीनंतरच मोठी होते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या दिवशी आपल्या दैनिकात एक छोटा लेख आला होता. दिवस मोठा व्हायला २२ डिसेंबरलाच सुरुवात होते, त्यामुळे 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' हे म्हणणं निव्वळ अज्ञान आहे, असं त्यात ठासून लिहिलं होतं. उत्तर तेव्हाच लिहायचं होतं, पण तूर सोंगून पडली होती, थ्रेशरचा नंबर लागत नव्हता आणि वर ढग. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला. बरंच झालं म्हणा, कारण तोवर माझ्या गोठ्याच्या दारावर पुरावा जमा झाला.

आमच्याकडे दोन नागपुरी म्हशी आहेत. रंगाने काळ्याकुट्ट, शिंगं तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली. त्यातल्या एकीच्या शेपटीला पांढरा गोंडा आहे. दुधाची गाडी फाट्यावर सातला येते आणि कुणासाठी थांबत नाही, म्हणून सहाच्या ठोक्याला धारेला बसावंच लागतं. त्या वेळेला लाइन असेलच असं नाही. मग टॉर्च मानेत दाबून धार काढायची. हा गोंडा टॉर्चशिवाय दिसायला लागला की टॉर्च बंद, हा माझा नियम. या हिवाळ्यात ती वेळ मी खडूने दारावर लिहीत गेलो. धुई पडलेले दिवस सोडून दिले.

२२ डिसेंबरला ६:२८. नंतर आकडा कमी व्हायला हवा होता, तर तो वाढतच गेला. संक्रांतीला ६:३५. आईला तिची नात पेपर वाचून दाखवते, तेव्हा आईच म्हणाली, "पेपरात तं दिवस वाढला म्हन्तेत, मंग सकाय काऊन आखडून राह्यली बाप्पा?"

गावच्या शाळेतल्या सरांना विचारलं. त्यांनी पाटीवर खडूने काढून दाखवलं. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट नेमकी गोल नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि त्या वेळी पळतेही सगळ्यात जोरात. त्यात तिचा आस कललेला. दोन्हींचा मिळून परिणाम असा की डिसेंबरच्या शेवटी सूर्य माथ्यावर यायची वेळ रोज जवळपास अर्ध्या मिनिटाने पुढे जाते. घड्याळ आपलं चोवीस तासांचं चोवीस तासांवरच. म्हणजे अख्खा दिवसच उशिराकडे ढकलला जातो. म्हणून संध्याकाळ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच मागे फिरते आणि लांबायला लागते, ती २२ डिसेंबरपर्यंत थांबत नाही. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आखडतच जाते. आमच्या भागात २२ डिसेंबरला सूर्य ६:५० च्या आसपास उगवतो आणि संक्रांतीला ६:५७ च्या. काल दारावर पुन्हा ६:२८ लिहिलं. डिसेंबरातली सकाळ हातात परत यायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला. तीळ तीळ म्हणतात ते हेच.

लेखकाचं उत्तरायण, म्हणजे २२ डिसेंबरपासून सूर्याचं उत्तरेकडे सरकणं, मी खोटं ठरवत नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेतला पौषही २२ डिसेंबरलाच सुरू होतो. आमच्या पूर्वेच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक बाभूळ आहे. डिसेंबरअखेर सूर्य तिच्या उजव्या अंगाने निघतो, संक्रांतीपर्यंत तो डावीकडे गेलेला दिसतो. बाभळीला विचाराल तर दिवस फिरलेला असतो, म्हशीला विचाराल तर नसतो. शिवाय संक्रांतीची तारीखही एका जागी बसून राहत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, तो संक्रांतीचाच दिवस होता. आता ती १४-१५ ला येते. तेव्हा सकाळ आणि संक्रांत यांचा हा मेळ आपल्या अक्षांशापुरता आणि आपल्या काळापुरता. दक्षिणेत सकाळ याहून उशिरा फिरते. पण ज्यांनी ही म्हण आमच्या कानावर घातली ते पहाटे उठणारे लोक होते. त्यांना अज्ञानी म्हणायच्या आधी एकदा सहा वाजता गोठ्यात येऊन बसावं.

या परत मिळालेल्या सकाळीचं आम्ही काय करतो, तेही सांगतो. गाडी गेली की दव उतरेपर्यंत वावरात कुणाची घाई नसते. फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर ठेवलेला, कापूस अजून उभा आहे, पण दवात वेचलेला कापूस ओला राहतो आणि सरकारी खरेदीतसुद्धा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात सुरू होते. त्यामुळे वेचणीच्या बाया उन्हं चढल्यावरच येतात. मधले दोन तास घरचे. अंगणात तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, शेकोटी. तुराटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून खाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, दोन जाड काड्या लागतात. तुराटीला चुकून राहिलेली एखादी शेंग आगीत तडकली की नात काडीने दाणे उकरून काढते, बोटं पोळतात, तरी काढते. हरभऱ्याचे टहाळ भाजले की सगळ्यांची तोंडं काळी. शनिवारी सकाळची शाळा असली की मात्र तिला हे सगळं सोडून उठावं लागतं आणि ती त्याचा राग माझ्यावर काढते.

आईला शेकोटीजवळची जागा सोडवत नाही. संक्रांतीच्या सुमारास ती उजेडाची वाट बघत चहा घ्यायची, आता चहा होतो तेव्हा बाभळीच्या शेंड्यावर ऊन आलेलं असतं. पळसाला कळ्या लागल्यात. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत गेली की ही शेकोटी बंद होईल, सकाळ मात्र वाढतच राहील आणि मग उन्हाच्या आत कामं उरकायची धावपळ सुरू होईल. आमच्या मते वर्षभरातल्या चांगल्या सकाळी या एवढ्याच, संक्रांत ते शिवरात्र.

आता एक विनंती. आपल्या दैनिकाच्या पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापल्या जातात, त्या मुंबईच्या असतात. मुंबईत सूर्य आमच्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा उगवतो. विदर्भाच्या आवृत्तीत निदान नागपूर आणि यवतमाळच्या वेळा द्याव्यात. जागा फार लागणार नाही, दोन ओळी पुरतील.

आपला,
एक दूध उत्पादक शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ