पिवळ्या छत्रीवाल्या ताईंना

प्रिय ताई,

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात नोकरी करणारा माझा भाचा हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तुमचं नाव इथे मुद्दाम घालत नाही. जुन्या शहरात पिवळी छत्री उंच धरून चालणारी वाटाडी एवढी ओळख पुरे. बरोबर मऊ पातळ नेसलेल्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आमच्या मातोश्री होत्या, म्हणजे आम्हीही तुम्हाला आठवत असू.

आभार मानायचे ते मुख्यतः खरं सांगितल्याबद्दल. आजवर पुष्कळ गाइड पाहिले. दिसेल त्या दगडाला पाचशे वर्षांपूर्वीचा म्हणायची बहुतेकांना खोड असते. तुम्ही पहिल्या चौकातच सांगून टाकलंत, की समोर दिसतंय त्यातलं बरंचसं माझ्या आईच्या वयाचं आहे. जर्मन सत्तेविरुद्धचा १९४४चा उठाव ६३ दिवसांनी मोडल्यावर जर्मनांनी उरलंसुरलं शहर पद्धतशीरपणे जाळलं, सुरुंग लावून उडवलं. युद्ध संपलं तेव्हा जुन्या शहराचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग म्हणजे विटांचे ढीग होते.

झिग्मुंट राजाच्या स्तंभापाशी तुम्ही किती वेळ घेतलात! वर उभा असलेला काशाचा राजा १६४४चा, खरा. त्याच्या पायाखालचा खांब मात्र तिसरा. आधीचे दोन्ही खांब तुम्ही किल्ल्याच्या कडेला आडवे पडलेले दाखवलेत. आई त्यातल्या एकावर हात ठेवून बराच वेळ उभी होती आणि तुम्ही घोळक्याला घाई केली नाहीत. सव्वाअकराला मनोऱ्यावरून तुतारी वाजली, तेव्हा त्याच वेळेचं कारणही कळलं: १७ सप्टेंबर १९३९ला बाँब पडले आणि किल्ल्याचं घड्याळ ११.१५ला थांबलं. नव्या किल्ल्याचं घड्याळ १९७४मध्ये त्याच ठोक्यावरून पुढे चालू केलं. युद्धात उद्ध्वस्त झालेला हा राजाचा किल्ला सरकारनं पुन्हा बांधून दिला असेल असं मी धरून चालले होते. लोकांनी वर्गणी काढली हे तुमच्याकडून कळलं. कोल्हापूरकराला हे लगेच समजतं, आमचं अर्धं गाव वर्गणीवरच चालतं.

मला सगळ्यात आवडला तो बेलोत्तोचा किस्सा. अठराव्या शतकातला हा इटालियन चित्रकार पोलंडच्या तेव्हाच्या राजाच्या पदरी होता. त्यानं रंगवलेल्या रस्त्यांच्या चित्रांवरून दोनशे वर्षांनी खिडक्या-कंगोरे ठरवले गेले. आणि लगेच तुम्ही म्हणालात, की हा गृहस्थ चित्रात थोडी पदरची भरही घालायचा. म्हणजे काही ठिकाणी शहर पूर्वी होतं तसं नाही, चित्रात होतं तसं उभं राहिलं. मागच्या कोंदट चाळवजा इमारती तर पुन्हा बांधल्याच नाहीत, अंगणांत ऊन येऊ दिलं. यावर एका पाहुण्यानं ‘म्हणजे नकलीच’ असं पुटपुटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. वॉर्सा पॉलिटेक्निकच्या वास्तुशास्त्रज्ञांनी युद्धाच्या काळात जुन्या इमारतींच्या मोजमापांचे नकाशे प्योत्रकूव गावच्या मठात कसे लपवले, तेवढं सांगितलंत. जिवावर उदार होऊन खिडकीची मापं जपणाऱ्या माणसांच्या कामाला नकली म्हणवत नाही, निदान मला तरी नाही. युनेस्कोनं १९८०मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही या पुनर्बांधणीसाठीच.

उठावातल्या मुलांची आठवण म्हणून उभारलेल्या, डोक्यापेक्षा मोठं शिरस्त्राण घातलेल्या छोट्या बंडखोराच्या पुतळ्यापाशी तुम्ही जवळजवळ काहीच बोलला नाहीत. तेही बरं झालं.

आता आईचं. फरसबंदीचे ते गुळगुळीत गोटे तिला जमेनात, हे तुम्ही माझ्याआधी ओळखलंत. उताराची गल्ली टाळून लांबच्या पण सपाट वाटेनं सगळ्यांना नेलंत आणि कुणाला कारणही सांगितलं नाहीत. शेवटी तिनं तिच्या मोडक्या इंग्रजीत ‘वळिवडे, कोल्हापूर’ म्हटलं, तेव्हा तुम्ही थबकलात. युद्धकाळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, आमच्या गावाजवळच्या छावणीत १९४३ ते ४८ राहिली, हे तुम्हाला ठाऊक होतं. आजी त्या मुलांच्या गोष्टी सांगायची, त्या आईनं तुम्हाला सांगितल्या आणि मला दोन्हीकडून भाषांतर करता करता घाम फुटला.

तुमची वेळ कधीच संपली होती. तरी तुम्ही आम्हाला चौकातल्या सरकत्या जिन्यानं खाली ट्रामपर्यंत सोडलंत (तिथे सरकता जिना पहिल्यांदा बसवला तो १९४९मध्ये, हेही जाता जाता सांगितलंतच!), एकच थांबा जायचं म्हणालात आणि मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळची कोल्हापूरच्या छावणीची खूण कुठे शोधायची ते चिठ्ठीवर काढून दिलंत. सापडली. आईनं फुलं वाहिली, फोटो भाच्याकडे आहे.

तुम्ही कोल्हापूरला याल तर छत्री मी धरीन. छावणीच्या जागी आता गांधीनगरची कापडपेठ आहे, फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले. जुनं फारसं उरलेलं नाही, हे मीही आधीच सांगून ठेवते. आई म्हणते, जेवायला घरीच यायचं, आणि तांबडा रस्सा झेपेल का ते आधी कळवा.

तुमची,
कोल्हापूरची एक पाहुणी