जूनमध्ये मी येत नाही, तरी तारीख पुढे ढकलू नका

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख माझ्या येण्यावर अडवून ठेवली आहे, असे दादाकडून कळले. फोनवर हा विषय निघाला की आपण तिघेही तो टाळतो, म्हणून लिहूनच कळवते. या जूनमध्ये मी येणार नाही. आमच्या विभागात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे, त्यातल्या एका गटाला मार्गदर्शन करण्याचे मी कबूल केले आहे आणि विद्यार्थ्यांना निवडीची पत्रेही गेली आहेत. कार्यक्रम संपला की ऑगस्टमध्ये मी येईन. मात्र शस्त्रक्रियेने तोपर्यंत थांबायचे काही कारण नाही.

पदवीही पूर्ण न झालेली मुले गणितात कसले संशोधन करणार, असे तुम्ही विचाराल, हे मला ठाऊक आहे. इथे अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने अशा कार्यक्रमांना पैसे देण्याची सध्याची योजना १९८७ मध्ये सुरू केली. पण मिनेसोटातल्या डुलुथ येथे जोसेफ गॅलियन या गणिताच्या प्राध्यापकांनी त्याच्याही आधी, १९७७ पासून, दर उन्हाळ्यात मोजक्या विद्यार्थ्यांना बोलावून न सुटलेले प्रश्न त्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली होती. भारतीय वंशाचे गणितज्ञ मंजुल भार्गव पदवीचे विद्यार्थी असताना तिथे गेले होते. क्रमगुणित (१ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) ही आपल्या ओळखीची कल्पना कितीतरी व्यापक करता येते हे त्यांचे काम तिथलेच, आणि पुढे २०१४ मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला. सगळेच भार्गव होत नाहीत, आणि प्रत्येक उन्हाळ्यातून एक शोधनिबंध निघालाच पाहिजे हा अलीकडचा हट्ट मला मुळीच पटत नाही. पण ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही, अशा प्रश्नासमोर आठ-दहा आठवडे बसून राहण्याचा अनुभव वर्गात देता येत नाही, हे मी शिकवताना रोज पाहते.

मार्गदर्शकाचे खरे काम विद्यार्थी येण्याआधीच सुरू होते, आणि म्हणूनच हे काम आता दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासावर समजेल, पण अजून कोणी सोडवलेला नाही, असा प्रश्न शोधावा लागतो. फार अवघड निघाला तर मुले खचतात आणि फार सोपा निघाला तर दुसऱ्याच आठवड्यात संपतो. माझ्या गटाचा प्रश्न ज्या विषयातला आहे, त्याची सुरुवात तुम्हालाही आवडेल. फक्त ५ आणि ८ या संख्या हव्या तितक्या वेळा घेऊन बेरजा करायच्या. काही संख्या मिळतच नाहीत, आणि न मिळणारी सर्वांत मोठी संख्या २७ आहे. तिच्यापुढची प्रत्येक संख्या मिळते. १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या कोणत्याही दोन संख्यांसाठी गुणाकारातून दोन्ही संख्या वजा केल्या की हे उत्तर येते. तिसरी संख्या आली की असे साधे सूत्र हाती लागत नाही. ६, ९ आणि २० घेऊन बघा, उत्तर ४३ यायला हवे. पण बाबा, हे शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडल्या पडल्या करायचे. त्याआधी रात्री जागून करायचे नाही.

पहिल्या आठवड्यात मुले व्याख्या शिकतील, मग अशी कोष्टके भरतील, त्यांत काही आकृतिबंध दिसला की उत्साहाने अंदाज मांडतील, आणि साधारण मध्यावर एखादे उलट उदाहरण येऊन तो अंदाज मोडेल. त्या दिवशी खोलीत मार्गदर्शकाने हजर असावे लागते, आणि हजर असूनही गप्प बसावे लागते. बाबा, मी लहान असताना गणित अडले की लाल पेन्सिल कानावर ठेवून तुम्ही माझ्या शेजारी बसायचात आणि मी कितीही रडले तरी "आधी लहान संख्या घेऊन बघ" एवढेच म्हणायचात. तेव्हा मला तुमचा फार राग येई. आता तेच वाक्य मी इंग्रजीत म्हणते आणि मुले माझ्याकडे तशाच रागाने पाहतात. आई, मग तू दिवा बारीक करून मला पांघरूण घालायचीस, आणि सकाळी वहीवर माझ्या गालाचा ओला ठसा असायचा. ती निळी वही अजून कपाटात आहे ना?

निवडीसाठी अर्ज वाचताना एका मुलीने लिहिलेले वाचले, की तिच्या महाविद्यालयात गणिताचे प्रश्न विचारायला वर्गाबाहेर कोणीच नाही. या योजनेचा एक उद्देशच असा आहे, की जिथे संशोधनाची सोय नाही तिथल्या विद्यार्थ्यांना ती मिळावी. म्हणूनच राहण्याच्या सोयीबरोबर त्यांना मानधनही देतात. विद्यार्थ्यांनाच उलट पैसे देतात याचे तुम्हाला नवल वाटेल, पण सुट्टीत काम करून फी जमवणारी मुले एरवी येऊच शकणार नाहीत. या मुलीला निवडून मग मीच सुट्टीवर जाणे मला जमले नसते. तुम्हाला सोडून इथे राहणे सोपे वाटले, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नका.

माझी काळजी करू नका. कार्यालय घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे, संध्याकाळी सहानंतर कोणी बैठक ठेवत नाही, मी वेळेवर जेवते आणि झोपतेही. तुमच्यासाठी दादा आणि वहिनीने रजा टाकली आहे आणि रात्रीसाठी मदतनीस बाईंशी बोलणे झाले आहे. आता माझे ऐका. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायचे दांडे शस्त्रक्रियेच्या आधी बसवून घ्या. बैठकीतली खुर्ची बुटकी आहे, तिच्याऐवजी उंच आणि हातांची खुर्ची आणा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम दुखते म्हणून टाळायचा नाही, आणि वॉकर सोडायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. आई, औषधांचा कागद भिंतीवर लाव, आणि रक्तदाबाची स्वतःची गोळी बाबांच्या धावपळीत विसरू नकोस. तू थकलीस की वहिनीला सांगायचे, मनात ठेवायचे नाही.

शेजारच्या काकूंच्या नातीबद्दल विचारले होते, तेही सांगते. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांवर इथले नागरिक किंवा कायमचे रहिवासीच घेता येतात, त्यामुळे तिला माझ्याकडे आणता येणार नाही. पण भारतातच १९९३ पासून चालत आलेली एमटीटीएस ही उन्हाळी गणित शाळा तिच्यासाठी उत्तम आहे, आणि पुढे तिथल्याच विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही आहे. तिला म्हणावे, मुदत आधीच बघून ठेव आणि शिफारसपत्र ऐनवेळी मागू नकोस.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी फोन जवळ ठेवीन. विद्यार्थ्यांना तसे आधीच सांगून ठेवणार आहे. तारीख या रविवारी दादाला सांगून टाका, म्हणजे रुग्णालयात नाव नोंदवता येईल.

तुमची,
धाकटी