दुकानाचा विमा बँकेच्या फायलीत ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरानंतर पंचनामे आणि सरकारी मदतीची चर्चा होते, विम्याची फारशी होत नाही. मी चिपळूणच्या बाजारपेठेतील छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी दुकानांत शिरले, त्यानंतर अनेकांनी आपली पॉलिसी पहिल्यांदा वाचली. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचे कर्ज, देताना बँकेनेच ती उतरवलेली, हप्ता खात्यातून परस्पर वळता झालेला. रक्कम कर्जापुरतीच, आणि मागच्या गल्लीतल्या गोदामाचा त्यात पत्ताच नाही.

रक्कम कमी असली की काय होते, हे दुकानदाराला आधी कुणी सांगत नाही. माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा असेल, तर १० लाखांचे नुकसान होऊनही हाती साधारण पाचच लाख पडतात. उरलेली जोखीम मालकाने स्वतःवर घेतली असे धरले जाते. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पुराचे संरक्षण आहे, विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूटही माफ आहे. पण निम्मी तूट कोण माफ करणार?

हे आधी पाहण्यासाठीच ब्रोकर असतो. एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी, तर परवानाधारक ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा. मोठे कारखाने बहुधा ब्रोकरमार्फतच विमा घेतात. दुकानदार मात्र ‘मध्ये आणखी एक दलाल कशाला’ म्हणून टाळतो. ब्रोकरचा मोबदला विमा कंपनी देते आणि तो किती, हे विचारल्यावर सांगणे त्याला बंधनकारक आहे. जरूर विचारा. एकाच कंपनीचा दर घेऊन आला, तर दुसऱ्या कंपन्यांचेही लेखी मागा. पॉलिसीत बँकेचे नाव घातले की तिचे तारण सुरक्षित राहते, त्यामुळे कर्ज असले तरी ब्रोकर आपल्या पसंतीचा नेमता येतो.

ब्रोकरची नोंदणी ‘आयआरडीएआय’ या विमा नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. चेक विमा कंपनीच्याच नावे द्या. मात्र माझ्या मते खरा प्रश्न एकच: क्लेमच्या वेळी इथे कोण येणार? पूर ओसरला की चिखल उपसण्याची घाई असते. नुकसान मोजणारा सर्व्हेअर येण्याआधी भिजलेला माल फेकून दिला, तर नुकसान दाखवायचे कशाने? फोटो कोणते काढायचे, स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिले कुठे सुरक्षित ठेवायची, हे पाऊस सुरू होण्यापूर्वी बसून ठरवणारा माणूस हवा. केवळ मोबाइलवर पॉलिसी पाठवणारा ब्रोकर आमच्या कामाचा नाही.

ब्रोकरनेच कुचराई केली, तर २०२१ पासून त्याच्याविरुद्धही विमा लोकपालांकडे दाद मागता येते. एकल मालकीच्या दुकानांना आणि सूक्ष्म उद्योगांना ही सोय खुली आहे, तीही विनाशुल्क.

पूरप्रवण गावांतील व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे की, दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत दोन-तीन ब्रोकरना बाजारपेठेत बोलवावे आणि दुकानागणिक पॉलिसी तपासून घ्याव्यात. बँकांनीही नूतनीकरणाचा हप्ता कापण्यापूर्वी मालाची आजची किंमत दुकानदाराला विचारावी आणि पॉलिसीची प्रत त्याच्या हातात द्यावी.

आपला,
एक हिशेबनीस, चिपळूण