झाडूवरची चेटकीण आणि गारा

संपादक महोदय,

बालपुरवणीत झाडूवर बसलेली चेटकीण पाहून नातीने विचारलं, ‘आजोबा, ही खरी होती का?’ चेटकीण खरी नव्हती. पण चेटकीण ठरवून मारलेल्या बायका खऱ्या होत्या, हे तिला सांगताना जड गेलं.

इ.स. १५००च्या सुमारास जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तळहातात मावेल एवढं एक चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. बोकडावर उलट्या तोंडाने बसलेली विवस्त्र म्हातारी, एका हातात त्याचं शिंग, दुसऱ्यात सूत कातण्याची काठी. केसही भलत्याच दिशेला उडताहेत. सहीतलं ‘डी’ अक्षरसुद्धा त्याने उलटं कोरलंय! माझी नजर मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यातून कोसळणाऱ्या गारांवर खिळते. गारपीट चेटकिणीच आणतात, असं तेव्हा लोक मनापासून मानत. ऑगस्ट १५६२मध्ये नैर्ऋत्य जर्मनीत गारांनी पिकं झोडपली आणि व्हीझनश्टाइग या छोट्या गावात त्याचं खापर बायकांवर फुटलं. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. ६३ जणींना मारल्याचं १५६३च्या छापील पत्रकात नोंदलंय. युरोपभर अशा खटल्यांत ४० ते ५० हजार माणसं मारली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक बायकाच.

चित्र जरूर छापा, पण खाली दोन ओळी इतिहासाच्याही द्या. मुलांना ते पेलतं. नातीचा पुढचा प्रश्न त्या बायकांच्या मुलांबद्दल होता.

– एक वाचक, सातारा