पान उलटल्यावरची टीप

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. विमान दुरुस्तीच्या नाइट शिफ्टमुळे उत्तर राहिलं. 'सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असताना तुम्ही चुकता कसे?' हे वाचून आधी राग आला, मग हसू.

परवाचंच घे. पहाटे तीनला ब्रेकचा हायड्रॉलिक पाइप बसवत होतो. मॅन्युअलची पायरी म्हणते, 'नट टॉर्क करा,' म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. किती? त्यासाठी मॅन्युअलमधल्या दुसऱ्याच टास्कचा, म्हणजे कामाच्या भागाचा, नंबर. तो उघडला तर दोन आकडे, आणि पान उलटल्यावर टीप: पहिला आकडा फक्त मॉडिफिकेशन झालेल्या विमानांसाठी. कपाळावर टॉर्च, हात तेलकट, एका बोटाने टॅबलेट सरकवतोय. मी पहिलाच आकडा लावून मोकळा! सहीआधी जोडीदाराने विमानाचा नंबर पडताळला म्हणून निभावलं. चूक माझीच, पण ती टीप पायरीच्या आधी छापली असती तर काय बिघडलं असतं?

1990 ची ब्रिटिश एअरवेजची ती घटना तुला ठाऊक असेल. कॉकपिटची काच बदलताना शिफ्ट मॅनेजरने पार्ट्स कॅटलॉग न उघडता जुना बोल्ट हातात धरून नवे जुळवले, तेही अंधूक उजेडात. 90 पैकी 84 बोल्ट पाऊण मिलिमीटरपेक्षाही थोड्या कमी फरकाने बारीक निघाले. 17,300 फुटांवर काच उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले. तो वाचला, हे नवलच. गंमत म्हणजे काढलेले जुने बोल्टसुद्धा बहुतेक चुकीचेच होते! लोक त्या मॅनेजरला आळशी म्हणतात. मला नाही वाटत. पुस्तक चाळण्यापेक्षा डोळ्यांवर विसंबणं सोपं झालं, की अनुभवी माणूसच आधी घसरतो.

मॅन्युअलवाल्यांनाही हे कळतं बरं का. 1980 च्या दशकात त्यांनी सोप्या इंग्रजीचे नियम केले: एका शब्दाला एकच अर्थ, कृतीच्या वाक्यात फार तर 20 शब्द. वाक्यं सुटसुटीत झाली खरी, पण एक काम पाच ठिकाणी विखुरलेलं असेल तर सुटसुटीत वाक्य काय करणार?

त्या पानाबद्दल सुधारणेचा फॉर्म भरलाय. तोवर टॅबलेटच्या कडेला चिकटपट्टी लावून 'पान उलट' लिहिलं होतं. खासगी टिपा चालत नाहीत म्हणून साहेबांनी दुसऱ्याच दिवशी ती काढायला लावली. बरोबरच आहे म्हणा.

तुझाच