नेरळची खोली

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बाबांसमोर माझं बोलणं अर्ध्यातच अडकतं, म्हणून लिहितेय. नेरळला स्टेशनजवळ तळमजल्याची जागा भाड्याने घेतलीय, पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी. डिपॉझिट देऊन झालं. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबा नाहीच म्हणाले असते. आणि गेल्या आषाढात अॅम्ब्युलन्सची वाट बघताना गेलेला तो तास मला पुन्हा नकोय.

बाबा, मी तुम्हाला माथेरान सोडायला लावत नाहीये हो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर आला, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक प्रवाशाला सांगायचात. लगेच म्हणायचात, धनगर-ठाकर आधीपासून इथे होते, साहेबाला 'सापडलं' कसलं! तुमच्या हातरिक्षामागे चालून चालून मला ते पाठ झालं. मग पावसाळा लागला की साहेबलोक खाली उतरायचे, हेही तुमचंच ना? पीरभॉयांनी १९०७ मध्ये सुरू केलेली गाडीसुद्धा पावसात नेरळवरून वर येत नाही. २००५ च्या जुलैत तिचे रूळ वाहून गेले, तेव्हा ती परत यायला दोन वर्षं लागली. तुम्हाला तर फक्त चार महिने थांबायचंय.

आणि एक, जे त्या दिवशी बोलायचं राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही जेवला नाहीत. आईने सांगितलं मला. बाबा, कोर्टाने नावं ठेवली ती माणसाने माणसाला ओढण्याच्या पद्धतीला. तुमच्या कष्टाला नाही. त्या लाल मातीच्या चढावर तुमचे गुडघे गेले आणि माझी फी भरली गेली. मी हे कुणापासून कधी लपवलेलं नाही.

गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून परतताना रिकाम्या रिक्षात मला बसवायचात, आठवतं? शार्लोट तलावावर पाण्यात पाय घालू द्यायचा नाहीत, "अख्खं गाव पितं हे पाणी." मग पिसारनाथाला हात जोडायला लावायचात. अजून कुठल्याही तलावाच्या काठाला मी पाय आखडून बसते.

खोलीला दोन पायऱ्या आहेत, जास्त नाहीत. कमोड आहे, बाजूला धरायला दांडा बसवून घेतलाय. डॉक्टर रिक्षाने पाच मिनिटांवर. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो, मी मुद्दाम बघून घेतलं. आई, तुळशीला ऊन लागेल आणि वाळवण न्यायला माकडं नाहीत. नाही रुचलं तर गणपतीला वर नेऊन आणेन, शब्द देते.

३० मेला येतेय. ई-रिक्षाने दस्तुरी, तिथून टॅक्सी. आई, गोधड्या एवढ्या बांधू नकोस, आणि रिपोर्टची फाईल सगळ्यात वर ठेव. छपरावर ताडपत्री मी माणूस लावून घालून घेईन. बाबा, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. सकाळची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. आणि तलावाकडे एकटे जाऊ नका, मी आले की दोघं जाऊ.

तुमची,
बाय