काळी चारचा हट्ट सोड

मिरज
गुरुवार, रात्री

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल रागाच्या भरात मी फोन ठेवला. ‘शाळेत येऊन तुझा संगीत विषय काढून टाकते’ हे तर मुळीच बोलायला नको होतं. चुकलं माझं. अकरावीला गणित सोडून संगीत घेताना तू बाबांसमोर शांतपणे उभा राहिलास, ते कौतुकानं मीच सगळ्यांना सांगत होते. काल तुझा आवाज ऐकला आणि धीर सुटला. घसा इतका बसला होता की क्षणभर वाटलं, दादामामाच बोलतोय.

आज घशाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

मागच्या पत्रातला तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. बिहाग रागात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागतात, मग भातखंड्यांनी तो सगळे स्वर शुद्ध असलेल्या बिलावल थाटात का ठेवला? पूर्वी बिहागात तीव्र मध्यम नव्हता किंवा अगदी कमी लागायचा, आणि थाट ठरला तो शुद्ध मध्यमावरून, असं मला शिकवलं होतं. तुझ्या सरांनाही विचार. असे प्रश्न पडतात म्हणजे तू नुसतं परीक्षेपुरतं वाचत नाहीस. बाबांनाही तो प्रश्न वाचून दाखवला. ‘शाळेत कधी गाणं शिकतात का’ म्हणणारे बाबा गप्प ऐकत होते. मग मी म्हटलं, पलुसकरबुवा आपल्या मिरजेतच बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि 1901 साली लाहोरला विद्यालय काढून त्यांनी गाणं वर्गात आणलं. ओंकार त्याच वाटेनं चाललाय.

पण बाळा, लेखी 30 गुणांचं आणि प्रात्यक्षिक 70 चं. ते 70 गळ्यातूनच यायचेत. गॅदरिंगच्या गाण्याला मुलामुलींची एकच उंच पट्टी, पेटीची काळी चार, आणि तू ती ओढून गातोस, हे तुझ्या आत्यानं, आक्कांनी सांगितलं. तू नाही सांगितलंस. सोळाव्या वर्षी मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज आपोआप खाली येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सकाळी मंद्रात, खालच्या सप्तकात, हळू आकार लाव, भीमपलासाचा ‘नि सा ग म’ खालच्या नीपासून सावकाश घे. तार सा आत्ता नकोच. गार पाणी नको, रात्री जागरण नको, आणि सरांना सरळ सांग की...

बघ, सुरू झाले मी. माफ कर. तुला हे सगळं ठाऊक असेल.

दादामामा गायचा हे तुला कधी सांगितलं नाही. तो असताना घरात कुणी तो विषय काढत नाही. उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली गायला बसायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तुझ्याएवढा असताना आवाज फुटला, तेव्हा परीक्षा दोन महिन्यांवर होती. तयारी काळी चारमध्ये झालीय, आता पट्टी बदलायची नाही, असं त्याच्या गुरुजींनी सांगितलं आणि त्यानं ऐकलं. पहाटे चारला उठून ओरडायचा. मी शेजारच्या खोलीत पांघरुणात कान झाकून घ्यायचे. परीक्षेत अंतऱ्याला आवाज चिरकला, तो उठून बाहेर आला आणि पुन्हा गायला बसलाच नाही. मी लहान होते, पण आईला सांगू शकले असते की त्याचा घसा दुखतोय. त्यानं मला शपथ घातली होती.

म्हणून तुझ्यावर ओरडले.

आज तुझा तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले होते. म्हटलं, खालच्या पट्टीत, काळी एकला लावून द्या. त्यांनी तारा उतरवल्या, भोपळ्याला कान लावून ऐकलं, घोडीवरचा तारांखालचा दोरा दोनदा सरकवला. तारा नुसत्या लोंबल्या, जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी आस, खुलेना. म्हणाले, ‘ताई, हा लहान तंबोरा, वरच्या पट्टीचा. खाली नाही बोलणार. मर्दानी पाहिजे.’

मर्दानी तंबोरा आपल्याकडे आहे. माळ्यावर जुन्या सतरंजीत गुंडाळलेला, तोच. आजोबांनी दादामामासाठी करवून घेतला होता. संध्याकाळी त्याला फोन केला, विचारताना माझा हात थरथरत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘खरजाची तार बदलून घे, जुनी गंजली असेल.’

तार बदलली, जवारीही काढून घेतली. रविवारी बाबा कोयना एक्सप्रेसनं घेऊन येतायत. स्टेशनवर आत्तेभावाला सोबत ने, भोपळा कुठं आपटायला नको. प्रवासासाठी तारा ढिल्या केल्यात. लावताना खुंटी हळू पिळ. काळी एक जड गेली तर पांढरी एकला उतरव.

आणि घसा कसा आहे ते कळव. फोन नको करूस, बोलायला लागेल. दोन ओळी लिहून पाठव.

तुझी,
आई